कपाटातला कॅमेरा बाहेर काढताना : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पेंटॅक्स स्पॉटमॅटिकबद्दल लिहिलं होतं. कोल्हापूरच्या आमच्या स्टुडिओत वर्षानुवर्षं राबलेला, कडांवरचा रंग झिजून आतलं पितळ उघडं पडलेला तो कॅमेरा आजही माझ्या टेबलावर असतो आणि महिन्याला एक रोल त्यातून निघतोच. त्या लेखावर आलेली पत्रं वाचताना लक्षात आलं की घरोघरी माळ्यावर, ट्रंकेत, कपाटात असे कॅमेरे पडून आहेत आणि ते पुन्हा चालावेत असं लोकांना मनापासून वाटतंय. हे कॅमेरे उघडून दुरुस्त करण्यात माझी जवळजवळ चाळीस वर्षं गेली. त्या अनुभवावर विसंबून ही उत्तरं देते आहे.

मी कॉलेजात शिकते. पहिला फिल्म कॅमेरा घ्यायचा आहे, पैसे बेताचे आहेत. कॅनन एई-१, पेंटॅक्स के१००० आणि निकॉन एफएम२ ही तीन नावं सगळे सांगतात. कोणता घेऊ? आणि सेकंडहँड घेताना फसू नये म्हणून काय बघू?
— विद्यार्थिनी, नाशिक

तिघांतला एई-१ आधी बाजूला ठेव. १९७६ चा हा कॅमेरा देखणा आहे, फोटोही छान काढतो, पण त्याचं शटर, म्हणजे फिल्मवर उजेड सोडणारा पडदा, विजेवर चालतं. सहा व्होल्टचा सेल संपला की बटण दाबून काही होत नाही. आतलं सर्किट गेलं तर नवीन मिळत नाही, दुसरा बंद पडलेला एई-१ खोलून भाग काढावे लागतात. के१००० आणि एफएम२ मध्ये सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या लाइट मीटरला. सेल काढून टाकलास तरी शटर चालणारच, कारण ते पळवणारी स्प्रिंग तू फिल्म पुढे सरकवायची लिव्हर ओढतेस तेव्हा तुझ्याच अंगठ्यानं ताणली जाते.

के१००० सुद्धा १९७६ चाच, पण तो १९९७ पर्यंत बनत राहिला. त्यात सेल्फ टायमरदेखील नाही. शटरची डायल, ॲपर्चरची (लेन्समधलं उजेडाचं भोक लहान-मोठं करायची) रिंग, फोकसची रिंग आणि व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीच्या, कडेला एक सुई. सुई मधोमध आली की एक्स्पोजर, म्हणजे फिल्मला मिळणारा उजेड, जमलं. शिकायला याहून सरळ कॅमेरा माझ्या हाताखालून गेलेला नाही. एक सवय मात्र लावून घे: मीटर बंद करायचं बटण त्याला नाही, त्यामुळे काम झालं की लेन्सवर टोपण लाव, नाहीतर उजेडात सेल संपत राहतो. १९८२ चा एफएम२ हे वरच्या दर्जाचं यंत्र आहे. त्याचं शटर १/४००० सेकंदापर्यंत जातं, आणि तो आला तेव्हा एवढा वेग दुसऱ्या कुठल्याच एसएलआरमध्ये, म्हणजे आरशातून थेट लेन्समधलं चित्र दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात, नव्हता. पण तुला आत्ता त्या वेगाची गरज नाही, आणि किमतीत जो फरक पडेल त्यात पुष्कळ रोल येतील. के१००० नाहीच मिळाला तर यशिका एफएक्स-३ सुपर २००० बघ. तोही यांत्रिक आहे आणि आपल्याकडे बराच दिसतो. त्याच्या अंगावरचं रेक्झिन सोललेलं दिसलं तर घाबरू नकोस, त्या मॉडेलचं ते सोलतंच, आणि नवं चिकटवता येतं.

आता तपासणी. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात घे किंवा पुण्यात कुणाच्या घरी जाऊन, पण हे सगळं केल्याशिवाय पैसे देऊ नकोस. समोरच्याला घाई असेल तर दुसऱ्या दिवशी जा.

लेन्स काढ, मागचं दार उघड. डायल १ सेकंदावर ठेवून लिव्हर ओढ, कॅमेरा कानाशी धर आणि बटण दाब. आतून एकसारखी घरघर यायला हवी आणि शेवटी स्वच्छ ‘टक्’. ती घरघर म्हणजे संथ वेग सांभाळणाऱ्या दातेरी चाकांचा आवाज. तो मध्येच अडखळला, किंवा आरसा वर जाऊन तिथेच राहिला, तर आतलं तेल वाळून चिकट झालंय. सर्व्हिसिंग केल्यावर हा दोष जातो, पण तो खर्च किमतीतून कमी करून घे.

मग डायल १/१००० वर ने. दार उघडंच ठेवून कॅमेरा उजेडाकडे धर आणि मागून बघत बटण दाब. या वेगाला शटर एकाच वेळी पूर्ण उघडत नाही. के१००० मध्ये दोन कापडी पडदे एकामागून एक धावतात आणि त्यांच्यामधली दोन-तीन मिलिमीटरची फट फिल्मवरून सरकत जाते. डोळ्याला मात्र क्षणभर सगळी चौकट उजळलेली दिसते. चौकटीची एक बाजू काळी राहिली तर समजायचं की मागचा पडदा पुढच्याला वाटेत गाठतोय, आणि भर उन्हात काढलेल्या फोटोंची एक कड काळी येणार. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण केलंस तर हे आणखी स्पष्ट दिसेल. पडद्यांचा ताण जुळवता येतो, पण ते मुरलेल्या हाताचं काम आहे. तू असा कॅमेरा घेऊ नकोस.

दाराच्या खाचेतून बोट फिरव. डांबरासारखं काळं, चिकट काही लागलं तर आतला फोम विरघळलाय. त्याची काळजी नको, त्या काळातल्या बहुतेक कॅमेऱ्यांचा तो विरघळलेलाच असतो. आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं खाच पुसून घ्यायची आणि काळी लोकर बसवायची. निकॉन एफमध्ये कंपनीनंच या खाचेत फोमऐवजी दोरा घातला होता, त्यामुळे त्याच्या खाचा आजही कोरड्या असतात.

शेवटी खालच्या प्लेटचे स्क्रू बघ. जपानी कॅमेऱ्यांचे चौफुलीचे स्क्रू जेआयएस या जपानी मापाचे असतात, आपला नेहमीचा फिलिप्स ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही आणि खाच कुरतडली जाते. स्क्रू कुरतडलेले दिसले की ओळखायचं, कुणीतरी अंदाजानं आत हात घालून गेलंय. असा कॅमेरा कितीही स्वस्त असला तरी मी घेत नाही.

वडिलांचा मिनोल्टा एसआरटी १०१ वरच्या मजल्यावर होता म्हणून २०२१ च्या पुरातून वाचला. आता लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. मूळ कातडी केसमध्ये, डांबरगोळ्या घालून जपून ठेवला होता. काय चुकलं? पुरात भिजलेल्या निगेटिव्हच्या पट्ट्याही वाळून एकमेकींना चिकटल्या आहेत.
— वाचक, चिपळूण

जाळं दिसतंय ती बुरशी आहे. तुम्ही कॅमेरा प्रेमानं ठेवलात, फक्त जागा चुकली. बुरशीचे कण हवेत सगळीकडेच असतात. त्यांना रुजायला साठ टक्क्यांच्या वरचा दमटपणा, अंधार आणि न हलणारी हवा लागते, आणि बंद कातडी केसमध्ये हे तिन्ही मिळतं. शिवाय कातडं पावसाळ्यात दमट होऊन तसंच राहतं आणि बुरशीला खाद्यही पुरवतं. डांबरगोळ्यांनी कसर जाते, पण दमटपणा तसूभरही कमी होत नाही. उलट त्यांची वाफ काचेवर बसते. त्या आजच काढून टाका.

लेन्स किती बिघडली आहे हे असं बघा: ॲपर्चर पूर्ण उघडा, मागून टॉर्च धरा आणि पुढून तिरकं बघा. कडेला चार-दोन तंतू असतील तर फोटोत फरक जाणवणार नाही. सगळ्या काचेवर धुकं पसरलं असेल तर मात्र फोटो फिके येतील आणि लेन्स उघडावीच लागेल. गेल्या आठवड्यात माझ्याकडे मालवणहून अशीच एक पन्नास एमएमची लेन्स आली. मागचं भिंग काढल्यावर मोहरीएवढे तीन ठिपके दिसले आणि प्रत्येकातून केसाहून बारीक पांढरे तंतू फुटलेले, शेवाळ दगडावर पसरतं तसे. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनियाच्या मिश्रणात भिजवलेल्या कापसानं आतून बाहेर गोल पुसत गेले. दोन ठिपके निघून गेले. तिसऱ्याचे तंतू निघाले, पण भिंगाच्या जांभळट कोटिंगवर त्यांचा फिकट ठसा तसाच राहिला. बुरशीतून आम्ल पाझरतं आणि ते कोटिंग खातं. एकदा खाल्लेलं कोटिंग परत येत नाही, म्हणून उशीर करू नका. हे काम घरी करू नका, कारण भिंगं काढली त्याच क्रमानं आणि त्याच बाजूनं परत बसावी लागतात.

साफ होऊन आल्यावर कॅमेरा केसमध्ये ठेवायचा नाही. केस आठवण म्हणून वेगळी ठेवा. स्वयंपाकघरात असतो तसा रबरी कडेचा हवाबंद डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक टाका. काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान राहायला हवा. फार खाली गेला तर वंगण आणि कातडं सुकतं, तेही नको. जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरता येतं. निळ्याचं गुलाबी होणारं जेल मात्र स्वयंपाकाच्या भांड्यात कधीही तापवू नका, त्यात कोबाल्टचं विषारी क्षार असतं. नारिंगी रंगाचं मिळतं तेच घ्या.

आणि पावसाळ्यातही दर पंधरा दिवसांनी कॅमेरा बाहेर काढा. फोकसची रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, सगळ्या वेगांवर शटर मारा, अर्धा तास पंख्याखाली ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या बुरशीच्या लेन्स जवळजवळ सगळ्या ‘जपून ठेवलेल्या’ असतात. कोकणातले जे फोटोग्राफर रोज कॅमेरा वापरायचे त्यांच्या लेन्स पत्र्याच्या घरातही स्वच्छ राहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

निगेटिव्ह ओढून सोडवू नका, फोटो जिलेटिनच्या थरात असतो आणि तो थर सोलून येईल. सगळ्यात कमी महत्त्वाची जुडी निवडा. गार डिस्टिल्ड वॉटरमध्ये ती बुडवून ठेवा. जिलेटिन फुगून पट्ट्या आपोआप सुटू लागल्या तरच त्या अलगद वेगळ्या करा, क्लिपला टांगून बिनधुळीच्या जागी वाळवा. थर सुटताना दिसला तर तिथेच थांबा आणि बाकीच्या जुड्या जाणत्या माणसाकडे न्या.

काकांनी अमेरिकेहून आणलेला ऑलिंपस ओएम-१ मला मिळालाय. त्याचा पीएक्स६२५ सेल कुठेच मिळत नाही. दुकानदारानं दीड व्होल्टचा सेल बसवून दिला, पण सगळे फोटो अंधारे येतात.
— वाचक, बेळगाव

दुकानदारानं दिलेला सेल बसतो खरा, पण तुमच्या मीटरला तो चालत नाही. मूळ सेल पाऱ्याचा होता, १.३५ व्होल्टचा, आणि संपेपर्यंत त्याचा विजेचा दाब जराही हलत नसे. पाऱ्याच्या प्रदूषणामुळे नव्वदच्या दशकात असे सेल बंद झाले. दीड व्होल्टच्या सेलवर मीटरला आहे त्याहून जास्त उजेड दिसतो, मग तुम्ही एक्स्पोजर कमी देता आणि फोटो अंधारे येतात. शिवाय हा सेल जसजसा उतरतो तसतशी चूक बदलत जाते, म्हणून ठरावीक आकडा मनात धरूनही भागत नाही. मिनोल्टा एसआरटी आणि कॅनन एफटीबीवाल्यांचीही हीच अडचण आहे. आण्णांच्या स्पॉटमॅटिकचं सर्किट मात्र असं बांधलंय की व्होल्टेज थोडं हललं तरी सुई चुकत नाही.

मेडिकलच्या दुकानात जा आणि श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा सेल मागा. तो हवेवर चालतो, सुमारे १.४ व्होल्ट देतो आणि दाबही स्थिर ठेवतो. आकारानं लहान पडतो, म्हणून भोवती रबरी ओ-रिंग घाला. हार्डवेअरच्या दुकानातली चालते. चिकटपट्टी सोलल्यावर सेल मिनिटभर हवेला उघडा ठेवा आणि मगच बसवा. त्याची बारीक छिद्रं झाकू नका. पट्टी सोललेला सेल वापरा किंवा नका वापरू, दोन-तीन महिन्यांत संपतो, हे लक्षात ठेवा.

तुमच्या हातात फार चांगली वस्तू आली आहे. योशिहिसा माइतानींनी हा कॅमेरा रचला तेव्हा एसएलआर म्हणजे धोंडा अशी स्थिती होती. त्यांनी शटरच्या वेगाची रिंग लेन्सच्या मुळाशी आणली, यंत्र लहान केलं आणि तरी व्ह्यूफाइंडर भलामोठा ठेवला. १९७२ मध्ये तो ‘एम-१’ नावानं आला. लायकानं नावाला हरकत घेतली म्हणून पुढच्या वर्षी ‘ओएम-१’ झाला. सर्व्हिसिंगला द्याल तेव्हा प्रिझमवरचा (व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र सुलटं दाखवणाऱ्या काचेवरचा) फोम आधी काढायला सांगा. तो विरघळून प्रिझमचा चांदीचा मुलामा खातो, आणि मग व्ह्यूफाइंडरमध्ये कायमचा काळा डाग बसतो.

झेनिट-ई आहे, मीटरची सुई हलतच नाही. कॅमेरा निकामी झाला का?
— वाचक, गडहिंग्लज

मुळीच नाही. त्याच्या कपाळावरची जाळीदार पट्टी सेलेनियमची आहे. तिच्यावर उजेड पडला की ती स्वतःच वीज तयार करते, म्हणून झेनिट-ईला सेलची जागाच नाही. आता ती पट्टी थकली आहे, आणि शटरचा तिच्याशी काही संबंध नाही. ४०० चा रोल घाला (आकडा मोठा तेवढी फिल्म कमी उजेडातही चालते). लख्ख ऊन असेल तर शटर १/५०० ला आणि ॲपर्चर एफ/१६, ढगाळ हवेत एफ/८, सावलीत एफ/५.६, आणि पावसाळी अंधारात एफ/४ ला वेगही एक-दोन घरं कमी. शंका आली तर उजेड जास्त द्या, निगेटिव्ह रोलला जास्त उजेड सोसतो, कमी सोसत नाही. आणि त्यावर हेलिओस लेन्स असेल तर ती कुणी मागितली तरी वेगळी विकू नका. मागे झाडी असताना ती माणसाचा चेहरा ज्या तऱ्हेनं उठवते, ते बघायला एक रोल मुद्दाम घालवा.

मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला ३६ फोटो काढले. रोल धुऊन आला तर कोरा. लॅबची चूक असेल का?
— वाचक, परभणी

तुमचं पत्र वाचून मला फार वाईट वाटलं, कारण हे माझ्या हातूनही झालंय. १९८७ साली धाकट्या मावशीच्या लग्नात आण्णांनी पहिल्यांदा एक कॅमेरा पूर्णपणे माझ्या ताब्यात दिला होता. मंगलाष्टकं, अक्षता, सप्तपदी, सगळं मी टिपलं. काउंटर ३६ वर आला, ३७ झाला, ३८ झाला, ३९ झाला, तरी लिव्हर अडत नव्हती. रोल मोठा निघाला म्हणून मी आनंदात फोटो काढत राहिले. फिल्म मुळात चाकाच्या दातांत अडकलीच नव्हती. मावशीच्या सप्तपदीचा एकही फोटो आज घरात नाही. ती मला कधी काही बोलली नाही, आणि म्हणूनच ते अजून विसरता येत नाही.

लॅबची चूक आहे का ते आधी तपासा. निगेटिव्हच्या कडेला कंपनीचं नाव आणि १, १ए, २, २ए असे आकडे उमटलेत का? उमटले असतील तर रोल बरोबर धुतला गेलाय, पण त्यावर उजेड पडलेलाच नाही. आकडेसुद्धा नसतील तर धुण्यात गडबड झाली. अख्खा रोल काळा असता तर त्याला भलतीकडून उजेड लागला असं म्हटलं असतं.

पुढच्या वेळी रोल घालताना एवढं करा. फिल्मचं टोक उजवीकडच्या चकतीच्या फटीत खोचा. दार उघडंच ठेवून लिव्हर एकदा ओढा आणि दात दोन्ही कडांच्या भोकांत बसलेत हे डोळ्यांनी बघा. दार लावा. मग डावीकडची गुंडाळायची किल्ली बाणाच्या दिशेनं अलगद फिरवा, हाताला ताण लागला की थांबा. आता लिव्हर ओढा. ओढताना डावीकडची ती किल्ली आपोआप उलटी फिरायला हवी. ती फिरली तर फिल्म सरकतेय. प्रत्येक रोलला, पहिल्या दोन फोटोंना, माझी नजर त्या किल्लीवर असते. काउंटरवर विश्वास ठेवू नका, तो फिल्म नसतानाही पुढे सरकतो.

एकतीस एसएलआर जमवलेत, आणखी घ्यायचे आहेत. निगा कशी राखू? संग्रहाची किंमत वाढेल का?
— वाचक, ठाणे

किंमत वाढेल या आशेनं घेत असाल तर थांबा असंच सांगेन. हे यंत्र पडून राहिलं की आतलं तेल घट्ट होतं, कपाटात दहा वर्षं राहिलेला कॅमेरा सहसा बिघडलेलाच निघतो. महिन्यातून एकदा प्रत्येक कॅमेरा हातात घेऊन सगळे वेग चालवायचे, विशेषतः १ सेकंद ते १/१५. एकतीस कॅमेऱ्यांना तुमचा अर्धा रविवार जाईल. तेवढा वेळ देता येत नसेल तर जेवढ्यांना देता येईल तेवढेच ठेवा. ठेवताना शटर ताणलेलं सोडू नका, सेल काढून ठेवा, आणि एका वहीत प्रत्येकाचं सर्व्हिसिंग कधी झालं, कुठला वेग रेंगाळतो, शेवटचा रोल कधी टाकला, हे लिहा. ज्याच्या नावापुढे दोन वर्षं रोल लिहिलेला नाही तो एखाद्या शिकणाऱ्या मुलाला द्या. नाशिकच्या त्या विद्यार्थिनीसारखी कितीतरी मुलं आज परवडेल असा चालू कॅमेरा शोधताहेत.

घ्यायचेच असतील तर धागा धरून घ्या. मला आरशाची गोष्ट आवडते. ड्रेस्डेनच्या इहागे कंपनीचा १९३६ चा किने एक्झाक्टा घ्या: वरून वाकून बघायचं, डावं-उजवं उलटं दिसणार, आणि लिव्हर व बटण दोन्ही डाव्या हाताला. मग त्याच ड्रेस्डेनमध्ये १९४९ साली आलेला काँटॅक्स एस, त्यात डोक्यावर पंचकोनी प्रिझम बसला आणि डोळ्यासमोरचं चित्र सुलटं झालं. तरी फोटो काढला की आरसा वरच राहायचा आणि पुढची लिव्हर ओढेपर्यंत काळोख. १९५४ च्या असाहीफ्लेक्स २बी मध्ये आरसा लगेच खाली यायला लागला आणि डोळ्यासमोरचा माणूस हरवायचा थांबला. १९५९ चा निकॉन एफ या सगळ्यांना एकत्र बांधतो, आणि बातमीदारांच्या गळ्यात एसएलआर आला तो त्याच्यापासून. हे चार कॅमेरे ओळीनं मांडून हातात घेतले तर तेवीस वर्षांत माणसांनी काय काय सोडवलं ते बोटांना कळतं. चारही चालू स्थितीत मिळणं कठीण आहे, पैसे लागतील. पण त्यासाठी एकतीसमधले वीस विकावे लागले तरी विका. गुरुग्रामला म्युझिओ कॅमेरा हे संग्रहालय आहे, मांडणी कशी करावी हे बघायला एकदा जाऊन या.

सोलापुरात मे महिन्यात नळाचं पाणी चौतीस अंश. घरी ब्लॅक अँड व्हाइट रोल धुवावा का?
— वाचक, सोलापूर

धुवा, पण त्या पाण्यात नको. डी-७६ सारख्या डेव्हलपरचे (फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाचे) नेहमीचे वेळ वीस अंशांचे असतात. बावीस-चोवीसपर्यंत वेळ कमी करून चालतं. त्याच्या वर वेळ इतका कमी होतो की रोल डागाळतो. बादलीत बर्फाचं पाणी घ्या आणि डेव्हलपर, हायपो (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुवायचं पाणी, तिन्ही बाटल्या त्यात एकत्र बुडवून एकाच तापमानाला आणा. लोक डेव्हलपर थंड करतात आणि शेवटी रोल गरम नळाखाली धरतात. अशानं जिलेटिनला सुरकुत्या पडतात आणि त्या जात नाहीत. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकू नका, पिशवीत बांधून टाका.

टोरांटोहून पुण्याला येताना रोल विमानतळावर खराब होतात का?
— वाचक, टोरांटो

होऊ शकतात. चेक-इन सामानात रोल कधीच ठेवू नका, तिथली किरणं जास्त तीव्र असतात. हातातल्या बॅगेसाठीही आता अनेक ठिकाणी सीटी स्कॅनर आलेत आणि ते एका फेरीतही फिल्म धुरकट करू शकतात. रोल डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत ठेवा आणि हातानं तपासा अशी विनंती करा. थोडा वेळ हाताशी ठेवून निघा. ८०० आणि त्यावरच्या रोलना सगळ्यात जास्त धोका.

माझे पती जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांच्या कॅमेऱ्याचा काउंटर २२ वर आहे, म्हणजे आत अर्धवट रोल असावा. तो अजून धुता येईल का? उघडायची भीती वाटते.
— निवृत्त शिक्षिका, संगमनेर

बाई, भीती वाटली आणि तुम्ही दार उघडलं नाहीत, हे फार बरं झालं. फिल्मवर उमटलेलं चित्र न धुता वर्षानुवर्षं राहतं, फिकं होतं, पण नाहीसं होत नाही.

कॅमेरा टेबलावर ठेवा. डावीकडची छोटी किल्ली उघडून बाणाच्या दिशेनं अगदी हलकेच फिरवून बघा. ताण लागला तर आत रोल आहे. तसं असेल तर कॅमेऱ्याच्या तळाचं छोटं बटण दाबा आणि मग किल्ली सावकाश फिरवत राहा. जुनी फिल्म ठिसूळ झालेली असते, म्हणून घाई नको, दोन-तीन मिनिटं लागू द्या. शेवटी हाताला एक झटका जाणवेल आणि किल्ली एकदम सैल फिरायला लागेल. म्हणजे फिल्म डबीत परत गेली. त्यानंतरच दार उघडा, तेही अंधाऱ्या खोलीत. मध्येच किल्ली अडली तर जोर लावू नका, तशीच सोडा आणि कॅमेरा जसाच्या तसा दुरुस्तीवाल्याकडे न्या. तो काळ्या पिशवीत हात घालून रोल काढेल.

डबीवर काय लिहिलंय ते बघा. इंदू किंवा ओर्वोचा ब्लॅक अँड व्हाइट रोल असेल तर चांगली आशा आहे. रंगीत निगेटिव्ह असेल तर रंग बदललेले येतील, तेव्हा लॅबला विचारा की ब्लॅक अँड व्हाइट पद्धतीनं धुऊन चित्र जास्त स्वच्छ येईल का. कोडाक्रोम ही स्लाइड फिल्म असेल तर त्याची रंगीत प्रक्रिया २०१० च्या शेवटी जगभरातून बंद झाली आहे, तो फक्त ब्लॅक अँड व्हाइट धुता येतो. रोल नेहमीच्या रोलांच्या ढिगात जाऊ देऊ नका. लॅबच्या माणसाला भेटून सांगा की हा नऊ वर्षांपूर्वीचा आहे, एकटाच धुवा. आणि कापू नका म्हणावं, अख्खी पट्टी परत द्या. फोटो मशीनला दिसले नाहीत तरी निगेटिव्ह उजेडासमोर धरल्यावर डोळ्याला दिसतात, असं मी अनेकदा अनुभवलंय.

कुरिअरनं पाठवू नका. जवळचं कुणी नाशिक किंवा पुण्याला जाणार असेल तर त्यांच्या हाती द्या. माझ्याकडे पाठवायचा असेल तर मासिकाच्या पत्त्यावर चिठ्ठी टाका, मी संगमनेरला येऊन घेऊन जाईन.